म्हाडा वसाहतीचा पुनर्विकास: बिल्डर शोधण्याआधी घर कुणाच्या नावावर आहे ते पाहा

विक्रोळीचं कन्नमवार नगर असो की चेंबूरचं टिळक नगर, पुनर्विकासाच्या सभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती फूट मिळणार?" त्याआधी विचारावं, म्हाडाच्या दप्तरात घर कुणाचं आहे?

नवं घर मिळतं ते मूळ वाटपधारकाला, किंवा म्हाडाने ज्याच्या नावे हस्तांतरण केलंय त्याला. मुखत्यारपत्रावर घेतलेली घरं या वसाहतींत कमी नाहीत. सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) तुमच्या नावे असला तरी तेवढ्याने भागत नाही. म्हाडाच्या मिळकत व्यवस्थापकाकडे नियमितीकरणाचा, म्हणजे घर तुमच्या नावे करून घेण्याचा अर्ज करा. सोबत वाटपपत्र, ताबा पावती, खरेदीचे सगळे कागद क्रमाने, सोसायटीचा ना हरकत दाखला, सेवाशुल्काच्या पावत्या, आधार, पॅन. मूळ वाटपधारक वारले असतील तर मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं आणि हक्क सोडणाऱ्या भावंडांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. भांडणं इथेच पेटतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी उरका.

सोसायटीची प्रक्रिया 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार, म्हणजे सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79(अ) खाली चालते. विकासक निवडीच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, सहकारी संस्थांच्या निबंधकांचा प्रतिनिधी हवा, चित्रीकरण हवं आणि एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती हवी. कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नका, मग कमिटीवाले कितीही घरचे असोत.

त्यानंतर मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या विनियम 33(5) खाली म्हाडाकडे प्रस्ताव जातो. जमिनीचा भाडेपट्टा आणि इमारतीचा विक्री करारनामा झालेला असावा, थकबाकी नसावी. म्हाडा देकारपत्र (ऑफर लेटर) देते आणि अधिमूल्य (प्रीमियम) भरल्यावर ना हरकत प्रमाणपत्र.

सध्याच्या चटईक्षेत्रावर (कार्पेट एरिया) 35 टक्के वाढ आणि किमान 35 चौरस मीटर, हा पाया. भूखंड मोठा असेल तर त्यावर आणखी मिळतं. आकडा कराराच्या मसुद्यात चटईक्षेत्रातच लिहून घ्या.

करार नोंदल्याशिवाय घर सोडू नका. प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक हमी, पर्यायी जागेचं भाडं, कॉर्पस (विकासकाने द्यायचा ठेव निधी), सगळं त्यात हवं. नवा ताबा भोगवटा प्रमाणपत्रानंतरच. लिफ्ट, पंप, पार्किंगमुळे टॉवरचा देखभाल खर्च कित्येक पटींनी वाढतो. पेन्शनवर जगणाऱ्यांनी कॉर्पसच्या व्याजातून तो भागतो का, याचा हिशेब सही करण्याआधीच मांडावा.

लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना मात्र यात ना घर, ना भाडं.