आयरिश वंशशोध : जमिनीचे दप्तर आणि पॅरिशच्या नोंदवह्या

आयर्लंडमधून परदेशी गेलेल्या, किंवा तिथेच राहिलेल्या, कुटुंबाचे मूळ गाव आणि मागच्या पिढ्या जुन्या कागदांवरून शोधून काढण्याची पद्धत. अनेक देशांत असा शोध जनगणनेपासून सुरू होतो. आयर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकातील जनगणनेचे कुटुंबवार कागद जवळजवळ उरलेलेच नाहीत. त्यामुळे तिथला संशोधक दशमांशाच्या, म्हणजे चर्चसाठी घेतल्या जाणाऱ्या कराच्या, वह्या, करआकारणीची पुस्तके आणि खंडाच्या याद्या चाळतो. हे सगळे दप्तर वसुलीसाठी केलेले आहे. ज्याच्याकडून काही घ्यायचे होते त्याचे नाव लिहिले गेले, आणि म्हणूनच पाच-दहा एकरांच्या साध्या कुळाचा माग आज लागू शकतो. त्याला दुसरा आधार पॅरिशमधील, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील, बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदींचा.

कागद कसे गेले

डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात सरकारी अभिलेखागार होते. १९२२ मध्ये ब्रिटनशी झालेला करार अमान्य असलेल्या सैनिकांनी ते आवार ताब्यात घेतले, नव्या हंगामी सरकारने त्यावर तोफा डागल्या आणि ३० जून १९२२ रोजी मोठा स्फोट होऊन अभिलेखागार जळाले. जळके कागद शहरभर उडत होते. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांचे कागद त्यात गेले. कॅव्हन, अँट्रिम वगैरे काउंट्यांचे तुकडे तेवढे राहिले.

सगळा दोष या आगीला देण्याची पद्धत आहे, पण तो अर्धाच खरा. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारने स्वतःच नष्ट केले होते, तर १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी दिले गेले. चार जनगणना तोफांनी नेल्या आणि चार कचेरीने. संपूर्ण उरलेल्या पहिल्या जनगणना १९०१ आणि १९११ च्या; त्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर विनामूल्य ठेवल्या आहेत. १९२१ मध्ये स्वातंत्र्ययुद्धामुळे जनगणना झालीच नाही.

याच आगीत चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट पंथाच्या अर्ध्याहून अधिक पॅरिशांच्या नोंदवह्याही गेल्या. हा पंथ १८७० सालापर्यंत राजमान्य होता, त्यामुळे त्याच्या नोंदी सरकारी कागद मानल्या गेल्या आणि सुरक्षित राहाव्यात म्हणून अभिलेखागारात आणून ठेवल्या गेल्या. कॅथलिकांच्या वह्या सरकारने कधी मागितल्याच नाहीत. त्या धर्मगुरूंच्या घरी, कपाटांत, ओल लागलेल्या पेट्यांत पडून राहिल्या आणि वाचल्या.

टाउनलँड : शोधाची किल्ली

आयर्लंडमध्ये ३२ काउंट्या आहेत. काउंटीखाली बॅरनी, तिच्याखाली नागरी पॅरिश आणि सर्वांत खाली टाउनलँड. नाव ‘टाउन’ असले तरी यात शहराचा संबंध नाही. आपल्याकडच्या मौजाच्या जवळ जाणारा हा जमिनीचा घटक आहे. काही टाउनलँड शंभर एकरांचेही नसतात, काही हजार एकरांच्या पुढे जातात. देशात त्यांची संख्या ६० हजारांहून अधिक आहे. त्यांच्या सीमा आणि नावांचे स्पेलिंग १८२४ पासून सुरू झालेल्या ऑर्डनन्स सर्वेक्षणाने पक्के केले. मूळ आयरिश नावे ऐकून इंग्रजी अक्षरांत बसवण्याच्या या कामात जॉन ओडोनोव्हन या भाषापंडिताचा मोठा वाटा होता. ‘बॅली’ म्हणजे वस्ती. पण ‘किल्’ कधी चर्च असते तर कधी रान, कारण ‘किल्य’ आणि ‘कोल्य’ हे दोन वेगळे आयरिश शब्द इंग्रजीत एकच होऊन बसले.

टाउनलँडचे नाव माहीत नसेल तर पुढचे सगळे दप्तर जवळपास निरुपयोगी ठरते. टिपरेरी काउंटीत नुसता ‘पॅट्रिक रायन’ शोधणे म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात नुसता ‘पाटील’ शोधणे. म्हणून शोधाची सुरुवात आयर्लंडमध्ये करायचीच नसते. कुटुंब जिथे गेले तिथले कागद आधी धुंडाळायचे : थडग्यावरचा मजकूर, चर्चमधली विवाहनोंद, नागरिकत्वाचा अर्ज, मृत्युलेख. बॉस्टनच्या ‘पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती येत. बहीण भावाला शोधते आहे, बायको रेल्वेच्या कामावर गेलेल्या नवऱ्याला. ओळख पटावी म्हणून अशा जाहिरातीत पॅरिश आणि पुष्कळदा टाउनलँडही दिलेले असे.

काही कुटुंबांचा हा धागा मुंबईतून जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या युरोपीय पलटणींत आयरिश शिपाई मोठ्या संख्येने होते. कंपनीची बॉम्बे फ्युजिलियर्स ही पलटण पुढे राणीच्या फौजेत गेली आणि १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलियर्सची दुसरी बटालियन झाली. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मे, लग्ने आणि दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शिपायांच्या भरतीच्या नोंदींत अनेकदा मूळ काउंटी सापडते.

दशमांशाच्या वह्या

१८२३ ते १८३७ या काळात जवळपास प्रत्येक नागरी पॅरिशसाठी एक वही तयार झाली. तिचा हेतू एकच : शेतजमीन कसणाऱ्या प्रत्येकाने चर्च ऑफ आयर्लंडला किती पैसे द्यायचे ते ठरवणे. कसणारा कॅथलिक असो वा प्रेस्बिटेरियन, ज्या चर्चमध्ये तो पाऊलही ठेवत नव्हता त्याच्यासाठी त्याला दशमांश भरावा लागे. यावरून १८३० च्या दशकात असहकार, जप्त्या आणि गोळीबारापर्यंत गोष्टी गेल्या. ज्यांनी पैसे नाकारले त्यांच्याही याद्या झाल्या, कारण पाद्र्यांना थकबाकीबद्दल सरकारी मदत हवी होती. भरणारा नोंदला गेला आणि न भरणाराही. सुटला तो भूमिहीन मजूर आणि शहरातला माणूस.

या वह्यांतले क्षेत्रफळ बहुधा आयरिश एकरांत असते. आयरिश एकर प्रमाण एकराच्या सुमारे १.६२ पट. हे लक्षात न घेतल्यामुळे ‘दहा एकरांवरून आमची जमीन सोळा एकर झाली’ असे अभिमानाने लिहिलेले कुटुंबवृत्तान्त आढळतात. जमीन तेवढीच होती, माप बदलले.

ग्रिफिथची आकारणी

वंशशोधातले सर्वांत कामाचे दप्तर हेच. गरिबांच्या मदतीसाठी बसवलेला स्थानिक कर कोणाकडून किती घ्यायचा हे ठरवण्यासाठी रिचर्ड ग्रिफिथ (१७८४–१८७८) या भूगर्भशास्त्रज्ञ अभियंत्याच्या देखरेखीखाली सगळ्या देशातील जमिनी आणि इमारतींची आकारणी झाली. ती १८४७ ते १८६४ या काळात टप्प्याटप्प्याने छापली गेली आणि तिच्यात सुमारे दहा लाख नावे आहेत.

एक नमुन्यादाखल ओळ घेऊ. पहिल्या रकान्यात ‘७ ए’. सात हा नकाशावरचा क्रमांक, लहान ‘ए’ हे घर. मोठी अक्षरे असतील तर एकाच कुळाचे विखुरलेले तुकडे. पुढे कब्जेदाराचे नाव, ‘पॅट्रिक रायन’, आणि कंसात ‘जॉन’. तो जॉन बहुधा बाप, कारण त्याच टाउनलँडमध्ये दुसरा पॅट्रिक रायन आहे आणि त्याच्या कंसात ‘रेड’ म्हणजे तांबड्या केसांचा असे लिहिलेले. मग ज्याच्याकडून जमीन कसायला घेतली त्याचे नाव. हा मूळ जमीनदार असेलच असे नाही, मधला पोटकूळवालाही असतो. त्यानंतर ‘हाउस, ऑफिसेस अँड लँड’. इथे अमेरिकेतले वंशज हमखास फसतात. ऑफिसेस म्हणजे गोठा, डुकरांचे खुराडे, अवजारांची खोपी. क्षेत्र ‘११–२–२०’ म्हणजे ११ एकर, २ रूड, २० पर्च. मराठी वाचकाला हे माप सोपे आहे : एक रूड म्हणजे बरोबर दहा गुंठे आणि चार पर्चांचा एक गुंठा, म्हणून ही जमीन ११ एकर २५ गुंठे. शेवटच्या रकान्यांत जमिनीची, इमारतींची आणि एकूण आकारणी पौंड-शिलिंग-पेन्समध्ये. घराचे अवघे पाच-सहा शिलिंग लावले असतील तर ते मातीच्या भिंतींचे खोपट समजावे.

हा शेवटचा आकडा कोरडा नाही. १८४३ च्या कायद्याने चार पौंड किंवा त्याहून कमी आकारणीच्या जमिनीचा कर कुळाऐवजी जमीनदारावर पडत असे. १८४५ पासूनच्या दुष्काळात कर भरमसाट वाढला, तेव्हा अशी लहान कुळे उठवणे जमीनदाराला फायद्याचे झाले. १८४७ मध्ये आणखी एक अट आली : पाव एकरापेक्षा, म्हणजे दहा गुंठ्यांपेक्षा, जास्त जमीन जवळ असेल तर सरकारी मदत नाही. पोट भरण्यासाठी माणसाने जमीन सोडली की त्याचे नाव दप्तरातूनही सुटले.

१८४५ ते १८५२ च्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि निदान तितकीच देशोधडीला लागली. पश्चिमेच्या अनेक काउंट्यांची आकारणी १८५० च्या दशकात छापली गेली. त्यामुळे दशमांशाच्या वहीत असलेले आडनाव ग्रिफिथमध्ये त्या टाउनलँडमधून साफ नाहीसे झालेले दिसते. दोन्ही दप्तरे शेजारी ठेवून वाचली तर दुष्काळाने नेमकी कोणती घरे उठली ते नावानिशी कळते.

ग्रिफिथनंतर आकारणीच्या फेरफार-वह्या सुरू झाल्या आणि १९७० च्या दशकापर्यंत हाताने लिहिल्या गेल्या. जुने नाव खोडून वर नवे, शेजारी साल, आणि वर्षागणिक शाईचा रंग वेगळा. बापाच्या जागी विधवा, विधवेच्या जागी मुलगा असा क्रम त्यात उलगडतो. फेरफार नोंदायला दोन-चार वर्षे उशीर होणे नेहमीचेच, तेव्हा ते साल मृत्यूचे धरू नये. पुढे ‘एल.ए.पी.’ असा शिक्का दिसला तर भूमिखरेदी कायद्यांनुसार कूळ मालक झाले असे समजायचे. उत्तर आयर्लंडच्या वह्या बेलफास्टच्या अभिलेखागारात आहेत, बाकीच्या डब्लिनला.

१७०८ पासूनची दस्तनोंदणी कचेरीही डब्लिनमध्ये शाबूत आहे. पण तिथले खरेदीखत आणि पट्टे बहुतांशी सधन घराण्यांचे.

पॅरिशच्या वह्या

कॅथलिक वह्या बहुतेक ठिकाणी १८२० ते १८३० च्या सुमारास सुरू होतात. पूर्वेच्या शहरांत आधी, गरीब पश्चिम किनाऱ्यावर उशिरा. राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची मायक्रोफिल्म काढली आणि जुलै २०१५ मध्ये १,०८६ पॅरिशांची ३ लाख ७० हजारांहून अधिक पाने सर्वांसाठी खुली केली. त्या बहुधा १८८० पर्यंतच्या आहेत. एक सापळा सुरुवातीलाच : कॅथलिक पॅरिश आणि नागरी पॅरिश एक नव्हेत. सीमा वेगळ्या, पुष्कळदा नावेही वेगळी.

नोंदी बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात. जेम्सचा ‘याकोबुस’ होतो, विल्यमचा ‘गुलिएल्मुस’. घरी दिआर्मद म्हणत तो इंग्रजी कागदावर जेरेमाया किंवा डार्बी. नोरा, होनोरा, हनोरा ही एकच बाई. ब्रिजेट, बिडी आणि डेलियाही. आडनावामागचे ‘ओ’ आणि ‘मॅक’ बापाच्या नोंदीत गळालेले आणि नातवाच्या नोंदीत परत आलेले असू शकतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव असते, ही कॅथलिक वह्यांची मोठी देणगी. शिवाय दोन धर्मपालकांची नावे, आणि ते बहुधा काका, मावशी किंवा शेजारी. लग्न सहसा मुलीच्या पॅरिशमध्ये होई, तेव्हा नवऱ्याच्या गावी नोंद मिळाली नाही म्हणून थांबू नये. नावे ठेवण्याचीही रीत होती : पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे. नियम म्हणून नाही, पण दिशा दाखवायला ती उपयोगी पडते.

१ जानेवारी १८६४ पासून सर्व जन्म-मृत्यूंची आणि कॅथलिक विवाहांची सरकारी नोंदणी सुरू झाली. इतर पंथांचे विवाह १८४५ पासून नोंदले जात. दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या की कधी कधी बाळाचा बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला निघतो. उशिरा नोंदणीचा दंड टाळायला बापाने जन्मतारीख पुढे ढकललेली असते. अशा वेळी धर्मगुरूवर विश्वास ठेवावा.

सत्तरीचा पुरावा

जानेवारी १९०९ मध्ये सत्तर वर्षांवरील गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन सुरू झाली. आयर्लंडमधल्या सत्तरीच्या माणसांकडे जन्माचा सरकारी दाखला असणे शक्यच नव्हते. मग ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीचे भयंकर वादळ आठवते का, असे विचारले जाऊ लागले, आणि ते आठवणाऱ्यांची संख्या बघता बघता वाढली. १९०१ आणि १९११ च्या जनगणना शेजारी ठेवल्या तर दहा वर्षांत पंधरा-सतरा वर्षांनी म्हातारे झालेले लोक घरोघर दिसतात. वंशशोधकाने १९११ चे वय जपून वापरावे ते यासाठी.

ज्यांना कागदी पुरावा हवा होता त्यांच्यासाठी दुसरा मार्ग होता. अर्जदार आपल्या आईवडिलांची नावे, टाउनलँड आणि पॅरिश लिहून देई आणि अभिलेखागारातला कारकून १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत ते घर शोधी. सापडले तर तो घरातल्या माणसांची नावे आणि वये फॉर्मवर उतरवी. नाहीतर ‘सापडले नाही’ असा शेरा मारी. मूळ जनगणना पुढे १९२२ मध्ये जळाली, पण हे फॉर्म राहिले. ज्या घरातले म्हातारपणी कोणी पाच शिलिंगांसाठी अर्ज करायला गेले होते, त्याच घराची १८५१ ची माणसे आज या फॉर्मवर वाचता येतात.