चार बाहुल्या आणि एक अवघड प्रश्न

केनेथ आणि मेमी क्लार्क हे अमेरिकेतलं कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्य. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तीन ते सात वर्षांच्या 253 कृष्णवर्णीय मुलांसमोर चार बाहुल्या मांडल्या. दोन गोऱ्या, दोन तपकिरी. कातडीचा आणि केसांचा रंग सोडला तर अगदी सारख्या. ‘खेळायला कोणती घेशील?’ दोन तृतीयांश मुलांनी गोरी मागितली. ‘वाईट दिसते ती दे,’ म्हटल्यावर 59 टक्के मुलांनी तपकिरी उचलून दिली. मग प्रश्न आला : ‘तुझ्यासारखी कोणती?’ आत्ताच जिला वाईट ठरवलं, तिच्याकडेच बोट दाखवायचं होतं. काही मुलांना रडू कोसळलं.

निम्म्याहून थोडी जास्त मुलं दक्षिणेतल्या, फक्त कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या शाळांतली होती. पण उत्तरेत गोऱ्यांबरोबर एकाच वर्गात बसणाऱ्या मुलांचा कलही गोऱ्या बाहुलीकडेच होता, किंबहुना थोडा जास्तच. मला हा निष्कर्ष सर्वांत अस्वस्थ करतो. वर्ग एक झाला तरी चित्रांतले, जाहिरातींतले, मानाच्या खुर्च्यांवरचे चेहरे गोरेच होते, आणि मूल तेही वाचत असतं.

हे जन्मजात असेल का? 2005 साली ब्रिटनमध्ये गोऱ्या अर्भकांवर झालेल्या अभ्यासात नवजात बाळांनी कोणत्याही एका वंशाच्या चेहऱ्याकडे जास्त पाहिलं नाही. तीन महिन्यांची बाळं मात्र स्ववंशीय चेहऱ्यांवर जास्त रेंगाळली. पुढच्याच वर्षी इस्रायलमध्ये दिसलं, की दोन्ही वर्णांच्या माणसांत वाढणाऱ्या इथिओपियन वंशाच्या बाळांमध्ये असा कल नव्हता. ओळखीच्या चेहऱ्याची ओढ म्हणजे द्वेष नव्हे. कोणता चेहरा चांगला, कोणता वाईट, हा अर्थ त्यावर समाज नंतर चढवतो.

त्याचा फायदा ज्याला मिळतो, त्याला तो सहसा जाणवतही नाही. बॉस्टन आणि शिकागोत संशोधकांनी नोकरीसाठी सुमारे पाच हजार काल्पनिक अर्ज पाठवले. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार, ‘एमिली’सारख्या गोऱ्या वाटणाऱ्या नावांना 50 टक्के जास्त बोलावणी आली. ‘एमिली’ला वाटणार, आपली पात्रता कामी आली. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 साली अशाच प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. तिथे आडनावच बोलत होतं : पात्रता तीच असूनही दलित नावाच्या अर्जांना सवर्ण नावांपेक्षा कमी प्रतिसाद मिळाला, आणि मुस्लिम नावांना त्याहूनही कमी.