शोकग्रस्त कुटुंबीयांचा सन्मान (राष्ट्रीय दुर्घटनेनंतर)

विमान अपघात, आग, चेंगराचेंगरी, जहाज बुडणे किंवा दहशतवादी हल्ला यांत माणसे दगावल्यावर त्यांच्या घरच्यांशी शासन, पोलीस, रुग्णालये, संबंधित कंपन्या व प्रसारमाध्यमे यांनी कसे वागावे, यासंबंधीचे नियम आणि संकेत. सांत्वन हा त्यातला लहानसा भाग. बातमी जगाच्या आधी घरच्यांना कळणे, ती खरी असणे, देहाची विटंबना न होणे आणि चौकशीत त्यांचे म्हणणे ऐकले जाणे, हा खरा गाभा. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, कुटुंबाचा हक्क आहे.

हा हक्क किती सहज तुडवला जातो, ते इंग्लंडमधील शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात १५ एप्रिल १९८९ रोजी दिसले. फुटबॉल सामन्यातील चेंगराचेंगरीने अखेर ९७ बळी घेतले. मैदानाच्या व्यायामशाळेतच तात्पुरते शवागार केले होते. रात्री नातेवाइकांना फळ्यावर लावलेली मृतांची छायाचित्रे एकेक करून पाहावी लागली. आपले माणूस सापडेपर्यंत इतरांचे चेहरेही पाहणे भाग होते. ओळख पटली, की देह समोर आणला जाई. काहींना त्याला हातही लावू दिला नाही, कारण तो आता मृत्युचौकशी अधिकाऱ्याच्या ताब्यातला होता. लगेच शेजारच्या टेबलावर पोलिसांचा जबाब सुरू होई आणि त्यात मृताने दारू घेतली होती का, हेही विचारले जाई. मृत मुलांच्या रक्तातले मद्याचे प्रमाणसुद्धा तपासले गेले. दोष प्रेक्षकांवर ढकलण्याचा तो प्रयत्न २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने उघडा पाडला. त्या समितीचा अहवाल लिव्हरपूलच्या कॅथीड्रलमध्ये आधी कुटुंबीयांच्या हाती पडला, मग जगाच्या. २०१६ मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा कृत्यामुळे झाल्याचा निर्णय दिला. बिशप जेम्स जोन्स यांनी २०१७ च्या अहवालात अशा कुटुंबांसाठी सनद सुचवली, ती ब्रिटिश सरकारने २०२३ मध्ये स्वीकारली.

पहिल्या काही तासांतली चूक कुटुंबे आयुष्यभर विसरत नाहीत. दक्षिण कोरियात १६ एप्रिल २०१४ रोजी सेवॉल हे जहाज बुडाले, तेव्हा सर्व विद्यार्थी सुखरूप असल्याची बातमी आधी पसरली. प्रत्यक्षात ३०४ जण गेले, बहुतेक एकाच शाळेचे विद्यार्थी. खात्री नसेल तर ‘अजून माहिती नाही’ एवढेच स्पष्ट सांगणे केव्हाही बरे. खोटी आशा लावणे ही क्रूरताच, मग हेतू कितीही चांगला असो.

ओळख पटवण्याबाबत इंटरपोलची मार्गदर्शक पद्धत जगभर मान्य आहे. बोटांचे ठसे, दात आणि डीएनए हे तिचे मुख्य आधार. केवळ चेहरा पाहून केलेली ओळख चुकू शकते, म्हणून देह ताब्यात मिळायला वेळ लागतो. हा उशीर का होतो आहे, हे समजावून सांगणारा एकच ठरलेला माणूस प्रत्येक कुटुंबाला द्यावा, अशी चांगली प्रथा आहे. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील २,७५३ मृतांपैकी सुमारे ४० टक्के जणांचे अवशेष अद्याप ओळखले गेलेले नाहीत. काम चालूच आहे. पुढे आणखी अवशेष जुळले तर कळवायचे की नाही, हे तिथे कुटुंबालाच ठरवू दिले जाते. वस्तूंचेही तसेच. कपडे धुऊन द्यायचे की सापडले तसेच, हे घरच्यांना विचारावे लागते. कुणाला तो डाग नकोसा असतो, कुणाला त्या कपड्याचा वास हवा असतो.

अमेरिकेने १९९६ मध्ये विमान अपघातग्रस्तांच्या कुटुंबांसाठी कायदा केला. पत्रकार परिषदेच्या आधी शक्यतो कुटुंबांना माहिती द्यायची, दावेदार न मिळालेल्या वस्तू विमान कंपनीने किमान १८ महिने सांभाळायच्या, स्मारकाबाबत त्यांचा सल्ला घ्यायचा, अशी त्याची कलमे आहेत. वकिलांनी ठरावीक दिवस आपण होऊन कुटुंबांशी संपर्क साधण्यावरही बंदी आहे.

चौकशीत कुटुंबे बहुधा मागच्या बाकावर बसतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर आगीच्या (२०१७, ७२ मृत्यू) चौकशीची सुनावणी मात्र २०१८ मध्ये आप्तांनी आपल्या माणसांविषयी बोलण्यापासून सुरू झाली. तांत्रिक साक्षी नंतर आल्या, आणि हा क्रम योग्यच होता.

मृत ‘आपले’ मानले गेले नाहीत, तर कुटुंब दुहेरी एकटे पडते. १९८५ मध्ये एअर इंडियाच्या कनिष्क विमानातील स्फोटात ३२९ जण गेले, त्यांत बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते. तरी कॅनडाच्या पंतप्रधानांनी शोकसंदेश दिला तो भारताच्या पंतप्रधानांना. कुटुंबांना मिळालेल्या वागणुकीबद्दल त्या देशाने माफी मागितली ती २०१० मध्ये.

विमान अपघातांबाबतचे नियम सर्वांत स्पष्ट आहेत. आग, पूल वा गर्दीतील मृत्यूंच्या वेळी मात्र बरेच काही त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर सोडलेले असते.