सायनसमधली सिस्ट की म्युकोसील? ऑपरेशनआधी हवा आणि हाड बघा

डोकं दुखतं म्हणून एमआरआय काढावा, रिपोर्टात 'मॅक्सिलरी सायनसमध्ये रिटेन्शन सिस्ट' (गालाच्या हाडातल्या हवेच्या पोकळीत पाण्याची गाठ) अशी ओळ यावी आणि घरात लगेच ऑपरेशनची बोलणी सुरू व्हावीत, हे आता पुरे झालं. त्यात कुणीतरी म्युकोसीलची भीती घालतं. दोन्हींत पाणीच तर साचतं ना!

साचतं, पण कुठे? सायनसच्या आतल्या अस्तरातल्या एखाद्या बारीक ग्रंथीचं तोंड बुजलं की रिटेन्शन सिस्ट होते, बहुधा गालाच्या सायनसच्या तळाशी. म्युकोसीलमध्ये अख्ख्या सायनसची नाकात उघडणारी वाटच बंद होते. आत स्राव तयार होतच राहतो, सायनस फुगतो आणि हाडाची भिंत झिजवत जातो. हे जास्त करून कपाळाच्या आणि दोन डोळ्यांच्या मधल्या सायनसमध्ये घडतं. म्हणून डोळा पुढे येतो, एकाचे दोन दिसतात.

सीटी स्कॅनमध्ये हवा काळी, हाड पांढरं, साचलेला स्राव राखाडी दिसतो. साधी सिस्ट तळाशी गुळगुळीत घुमटासारखी, वर काळी हवा शिल्लक, हाड जागच्या जागी. म्युकोसीलमध्ये सगळा सायनस राखाडी, भिंत बाहेर फुगलेली, कुठे कुठे विरलेली. 'किती मिलिमीटरची आहे?' हा सगळ्यांचा लाडका प्रश्न इथे दुय्यम आहे. गालातली मोठी सिस्ट वर्षानुवर्षं निरुपद्रवी राहू शकते. डोळ्याला टेकलेला छोटा म्युकोसील तसा सोडून चालत नाही.

त्रास नसेल तर साध्या सिस्टला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत. कित्येक आपोआप जिरतात, काढलेल्या पुन्हा होऊ शकतात. ती सायनसची वाट अडवत असेल किंवा निदानाबद्दल शंका असेल, तरच दुर्बिणीतून काढावी. डोकेदुखी मायग्रेनची असेल तर सिस्ट गेली तरी डोकं दुखायचंच.

म्युकोसीलला मात्र ऑपरेशनच लागतं. गोळ्यांनी वाट उघडत नाही. 'मुळासकट काढलंत ना?' असं नातेवाईक विचारतात, पण इथे मूळ नसतंच. दुर्बिणीतून भिंत रुंद उघडून स्रावाला नाकात कायमची वाट करून देतात, अस्तर सहसा खरवडत नाहीत. डोळा सुजला किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

दाताच्या मुळाशी झालेली सिस्ट सायनसमध्ये वर सरकली असेल, तर आधी दंतवैद्याकडे. तो दात तसाच ठेवून नुसता सायनस साफ करण्यात अर्थ नाही.