टर्की, मीठ आणि 74 अंश : पार्श्वभूमी

घरच्या ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, अख्खी टर्की मावत नाही, ही तक्रार ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईतल्या खारघरपर्यंतच्या फ्लॅटांतून दर नाताळाला ऐकू येते. तक्रार जुनी आहे आणि मुळात ती आपली नाहीच. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या शहरी घरांनाही लहान ओव्हनला आणि लहान कुटुंबाला पेलेल असा पक्षी हवा होता. म्हणून तिथल्या सरकारी संशोधन केंद्रात एक छोटी पांढरी जात मुद्दाम तयार झाली, बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट. मायदेशी काही दशकांतच रुंद छातीच्या पांढऱ्या टर्कीने तिला मागे टाकलं. भारतातल्या टर्कीपालनात मात्र ती टिकली. ओटीजीवाल्यांनी चौकशी करायची ती या जातीची.

रुंद छातीच्या पक्ष्याने घरोघरच्या स्वयंपाकाची पंचाईत करून ठेवली. छातीचं मांस भरपूर, पण चरबी जवळजवळ नाही. मांड्या शिजेपर्यंत छातीचा भुगा होतो.

जुना इतिहास थोडक्यात. मेक्सिकोकडचा हा पक्षी स्पॅनिशांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात नेला, आणि 1612 मध्ये तो गोव्याहून मुघल दरबारात पोहोचला. बादशहाने त्याचं चित्र काढून घेतलं, ते आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. आमचं ठाणेही तेव्हा पोर्तुगीजांकडे होतं, ते 1737 पर्यंत राहिलं. पोर्तुगीजांनी पक्ष्याला ‘पेरू’ म्हटलं, हिंदीनेही तोच शब्द घेतला. मराठीत पेरू आधीच फळाच्या टोपलीत जाऊन बसल्यामुळे आपल्या वाट्याला इंग्रजी टर्की आली. तुर्क लोक तिला ‘हिंदी’ म्हणतात, म्हणजे कुणालाच ती आपली वाटत नाही.

खरा घोळ आहे तो ‘रसदार’ या शब्दात. इंग्रजी पाककृतीतल्या ‘ज्यूसी’ला आपण रसदार म्हणून मोकळे होतो, पण मराठी स्वयंपाकात रस मांसात शोधायचा नसतो, तो रश्श्यात असतो. मटण झालं का, याची आपली खूण म्हणजे ते हाडापासून सुटलं का. फोडीतलं पाणी गेलं तर जातं कुठे, वाटीतच उतरतं. भाजलेल्या टर्कीला वाटी नसते. स्नायूतून पिळून निघालेलं पाणी ट्रेमध्ये पडतं, उडून जातं, आणि पानात कोरडी चकती येते. आमच्या घरी पहिली टर्की कुकरला शिट्ट्या काढून झाली होती. सगळ्यांनी वाहवा केली ती रश्श्याची, पक्षी निमित्तमात्र.

रस आत कसा ठेवायचा याचं एक उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दिलं : आधी मोठ्या आचेवर बाहेरचा थर भाजा, म्हणजे रस कोंडला जाईल. 1930 च्या दशकात अमेरिकेत मांस भाजण्याआधी आणि नंतर तोलून पाहिलं, तेव्हा तसं काही होत नाही हे दिसलं. मोठ्या आचेने खमंगपणा येतो, रंग येतो, रस कोंडला जात नाही. तरी कुकिंग क्लासमध्ये हे वाक्य आजही सर्रास सांगितलं जातं.

दुसरं उत्तर मांसाच्या आतल्या तापमानाच्या आकड्याचं, आणि वाद त्यावरच आहे. टर्कीची मांडी 82 अंश सेल्सिअसला आणि छाती 77 ला आणा, असा अमेरिकेतला अधिकृत सल्ला वर्षानुवर्षं होता. 2006 मध्ये तो बदलून सगळ्या पक्ष्याला एकच आकडा लावण्यात आला, 74. सुरक्षिततेच्या बाजूने हा निर्णय बिनतोड आहे, कारण 74 ला साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू जवळपास तत्क्षणी मरतो. पण 65-66 अंशांवर काही मिनिटं धरलं तरी तेवढंच काम होतं, आणि मांसप्रक्रिया कारखान्यांसाठीच्या अधिकृत तक्त्यांत हे छापलेलं आहे. घरच्या माणसाला तक्ता झेपणार नाही म्हणून एक आकडा हातात दिला गेला. त्याची किंमत छातीने मोजली, कारण तिचं पाणी 65 च्या पुढे झपाट्याने निघू लागतं. उलट 74 ला मांडी सुरक्षित असली तरी चिवट लागते, तिला 80 च्या आसपास नेलं तरच ती मऊ पडते. एका पक्ष्यात दोन वेगळे पदार्थ आहेत, हे एका आकड्याने झाकलं गेलं. मधली वाट अशी की छाती 70 ला पोहोचताच पक्षी बाहेर काढायचा आणि झाकून ठेवायचा. मोठ्या पक्ष्यात उष्णता आत सरकत राहते, उरलेले तीन-चार अंश आपोआप चढतात. चढले की नाही ते थर्मामीटरने पाहायचं. सुरी खुपसून पाणी पांढरं येतंय का हे बघणं भरवशाचं नाही.

मिठाचा इतिहास अलीकडचा. 1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी घरांत पक्षी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची लाट आली, आणि पुढच्या दशकात तिची जागा कोरड्या मिठाने घेतली. मीठ स्नायूतली काही प्रथिनं विरघळवतं, त्यामुळे शिजताना तंतू कमी आवळतात. बादलीतली भिजवण थंडीत तिथल्या ओसरीवर ठेवता येते, ठाण्याच्या बाल्कनीत डिसेंबरातही नाही. इथे किलोमागे 12 ते 15 ग्रॅम मीठ चोळून पक्षी एक-दोन दिवस फ्रिजमध्ये उघडा ठेवणं हेच शहाणपणाचं. मसाला ‘आत मुरतो’ असं आपण म्हणतो, पण आत जातं ते मीठ. मुंबई-ठाण्याकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला बाटली मसाला काय किंवा आपलं आलं-लसूण काय, वरच्या काही मिलिमीटरमध्येच थांबतं. म्हणून ते लोण्यात कालवून कातडीखाली सारायचं.

ज्यांना ओटीजी पुरत नाही ते ट्रे बेकरीत नेऊन देतात. पाव निघाल्यावर हळूहळू निवत जाणारी भट्टी टर्कीला ओटीजीपेक्षा जास्त मानवते, असं माझं मत. पण 2025 च्या जानेवारीत मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना इंधन बदलण्यासाठी न्यायालयाने मुदत घालून दिली. हा आदेश पाहता ठाण्यातही निर्धास्त राहावं असं नाही.

आता आयात. बर्ड फ्लूच्या कारणाने अमेरिकी कोंबडीवर्गीय मांसावर भारताने घातलेली बंदी 2012 मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या लवादापुढे गेली, 2015 मध्ये निकाल भारताविरुद्ध लागला, आणि 2023 च्या सप्टेंबरात तडजोड झाली. त्यानंतर गोठवलेल्या टर्कीवरचं आयातशुल्क 30 टक्क्यांवरून 5 वर आलं. पालनकर्त्यांना हे रुचण्यासारखं नव्हतं. स्वयंपाकघरापुरता परिणाम इतकाच की गोठवलेला पक्षी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटायला दर दोन-सव्वादोन किलोंना एक दिवस लागतो, आणि पाच किलोच्या पक्ष्यासाठी 22 तारखेलाच जागा करावी लागते. असे बरेचसे पक्षी कारखान्यातच मिठाचं पाणी टोचून येतात. पाकिटावर तसं लिहिलेलं असेल तर वरून आणखी मीठ चोळायचं नाही.