पान आखण्याआधी: हाताने केलेल्या नियोजन-वहीबद्दल थोडं

नमस्कार. आमच्याकडून सुटी पानं किंवा कोरी वही घेताना बहुतेक जण एकच विचारतात, ‘यात वेळा छापून मिळतील का?’ मिळतील. पण पहिल्याच फेरीला छापून घेऊ नका. हे आम्ही स्वतःच्या धंद्याच्या विरुद्ध सांगतोय, तेव्हा कारणही सांगायला हवं.

दुकान सुरू केलं त्या वर्षी सकाळी ६ ते रात्री १०, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ३२ ओळी, अशी पानं आम्ही हौसेने छापून ठेवली होती. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे डबे करणाऱ्या एक काकू. त्यांनी पान हातात घेऊन विचारलं, “माझी कणीक पहाटे साडेचारला भिजते, ती कुठे लिहू?” साडेनऊला डबे निघाले की दुपारी चारपर्यंत त्यांना पानाची गरजच नव्हती, आणि नेमक्या तिथेच आमच्या १३ ओळी रिकाम्या बसून होत्या. ते गठ्ठे आम्ही पाठकोरे म्हणून हिशेबाला काढले. अजून संपलेले नाहीत.

म्हणून आधी आठवडाभर फक्त टिपून ठेवा. जे करायचंय ते नको, जे झालं ते. नळाला पाणी किती वाजता येतं, शाळेची व्हॅन कधी, दुकानाचं शटर कधी वर जातं, आईच्या गोळ्या कधी. या वेळा तुमच्या हातात नाहीत. त्या खुंट्या आहेत, बाकीचा दिवस त्यांच्यावरच टांगलेला असतो. पानावर त्या ठळक छापायच्या आणि मधली जागा मोकळी सोडायची. गुरुवारी पाणी बंद असेल तर गुरुवारचं पान वेगळं आखा, त्यात लाज कसली!

आता प्रत्यक्ष आखणी. ए फाइव्ह पान १४८ मिमी रुंद आणि २१० मिमी उंच असतं. तासाला १ सेंटिमीटर दिला की १६ तासांना १६० मिमी जातात. उरलेल्या ५० पैकी ३० वर ठेवा (तारीख, वार, हवी तर तिथी, आणि आज काहीही झालं तरी करायचं असं एकच काम), २० खाली. डावीकडे भोकांसाठी २० मिमी समास सोडल्यावर रुंदी उरते १२८: वेळेला १५, ‘ठरवलेलं’ला ६० आणि ‘झालेलं’ला ५३. हा तिसरा रकाना कुणी मागत नाही, पण आम्ही आग्रहाने घालतो. ‘बँक, अर्धा तास’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारी ‘झालेलं’मध्ये दीड तासाची रेघ उतरलेली असते. असं चार वेळा दिसलं की पाचव्या वेळी बँकेला माणूस आपसूक दीड तास देतो.

रेघा मारायचा कंटाळा असेल तर घड्या घाला. जुन्या चोपड्यांत रकाने असेच पाडत, कागदाला सरळ घड्या घालून, पट्टी न लावता. ए फोर ताव आडवा धरा आणि उभा मधोमध तीनदा दुमडा. आठ रकाने पडतात, प्रत्येक साधारण ३७ मिमीचा. सात वारांचे सात, आणि आठवा राहून गेलेल्या कामांचा. घडी नखाने दाबू नका, चमच्याच्या पाठीने दाबा. आठवड्याच्या पानाला आमच्या मते याहून चांगला आराखडा नाही.

कागदाबद्दल. हातकागद सगळ्यांनाच आवडतो. पुण्यात तर १९४० पासून हातकागद संस्था असल्यामुळे सुती चिंध्यांच्या लगद्याचा हा कागद इथे नवलाईचा नाही. पण रोजच्या पानाला तो आम्ही सुचवत नाही. खळ (शाई पसरू नये म्हणून कागदाला देतात ती) कमी असेल तर फाउंटन पेनच्या शाईला पाय फुटतात, आणि खरखरीत पृष्ठावर बारीक अक्षर नीट बसत नाही. हातकागद पुठ्ठ्यावर चढवा, दोन महिन्यांच्या मध्ये घालायच्या पानांना वापरा; आतली पानं १०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम भरणाऱ्या) मॅपलिथोची, म्हणजे छपाईच्या गुळगुळीत कागदाची घ्या. तरी स्वतःचं पेन घेऊन या आणि कोपऱ्यात एक रेघ ओढून पाहा. पेनागणिक कागद वेगळा वागतो.

वर्षभराची वही एकत्र बांधून मागणाऱ्यांना आम्ही आधी वजन सांगतो. १०० जीएसएमचं ए फाइव्ह पान ३ ग्रॅमच्या जरा वर भरतं. दिवसाला एक पान धरलं तर ३६५ पानांचे पुठ्ठा सोडून १ किलो १०० ग्रॅमच्या वर झाले. पर्समध्ये ते जानेवारीत राहतं, फेब्रुवारीत कपाटात जातं. त्यापेक्षा दोन भोकांची फाइल घ्या आणि तीन-तीन महिन्यांची पानं भरा. घरी पंच करणार असाल तर ऑफिसातला नेहमीचा दुहेरी पंच चालतो: भोकांत ८० मिमी अंतर, कडेपासून १२ मिमी आत. आमच्या फाइलींचं माप तेच आहे.

छापून घ्यायची वेळ आली की पेन्सिलने आखलेलं, दोन-तीन आठवडे वापरलेलं पान आणा. खाडाखोड असू दे, चहाचा डाग असू दे. झेरॉक्स आणू नका, त्यात माप थोडं लहान-मोठं होतं आणि १ सेंटिमीटरचा तास आमच्या पट्टीवर जुळत नाही. आणि कुठला रकाना तुम्ही एकदाही भरला नाहीत ते आठवणीने सांगा, तो आम्ही काढून टाकू.