ठाण्यातल्या टाकीत कोणते प्रवाळ?

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोणते प्रवाळ ठेवावेत, याचं निम्मं उत्तर कायद्यानेच देऊन ठेवलंय. चुन्याचा सांगाडा बांधणारे सगळे दगडी प्रवाळ २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे वाघाच्या पंगतीत. काळे प्रवाळ आणि समुद्रपंखेही (पंख्यासारखे पसरणारे प्रवाळ) त्यात आहेत. २०२० मध्ये मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या १८ प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे न्यायच्या होत्या, तर त्यालासुद्धा वन विभागाची परवानगी लागली. तेव्हा परदेशी व्हिडिओंतले अ‍ॅक्रोपोरा, टॉर्च, हॅमर हे दगडी प्रवाळ बघण्यापुरतेच. दुकानदार ‘मागवून देतो’ म्हणाला तरी.

तसंही त्यांचं आणि आपल्या घरांचं जमणं कठीणच. दगडी प्रवाळांना पाण्यात कॅल्शियम लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर आणि तापमान २५-२६ अंशांवर अगदी स्थिर लागतं. प्रवाळाच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं आणि प्रकाशातून अन्न बनवून त्याला पोसतं. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तरी हे भाडेकरू बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरा पडतो. मे महिन्यात घोडबंदर रोडवर दुपारी वीज गेली की पाणी थंड ठेवणारा चिलरही बंद आणि पंपही बंद.

उरतात मऊ प्रवाळ. यांनाही प्रकाश, स्वच्छ खारं पाणी आणि चिलर हवाच, पण चढउतार ते जास्त सोसतात. सुरुवातीला मशरूम प्रवाळ घ्यावेत. मंद प्रकाश, संथ प्रवाह, फारशा तक्रारी नाहीत. मग लेदर प्रवाळ. हा अधूनमधून काही दिवस मिटून बसतो, वर मेणचट पापुद्रा धरतो आणि तो टाकून पुन्हा फुलतो. नवखे लोक मेला समजून फेकायला निघतात.

माझा लाडका मात्र झेनिया. प्रत्येक पॉलिपची (वसाहतीतल्या एकेका जिवाची) आठ पिसासारखी शुंडकं सतत उघडमीट करतात. एवढी शक्ती हा प्राणी कशावर घालवतो? शिकार पकडण्यासाठी असेल, असं वाटतं. पण इस्रायली संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की या हालचालीने शुंडकांभोवती साचलेला ऑक्सिजन दूर लोटला जातो. प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर ऑक्सिजनही पकडून बसतं, त्यामुळे ऑक्सिजन साचला की शैवालाचं काम मंदावतं. झेनिया आपल्या शैवालाला वारा घालत असतो म्हणा ना. दिवसरात्र चालणारी ही हालचाल दुपारी थोडा वेळ थांबते; वामकुक्षी त्यालाही चुकलेली नाही. मात्र तो भराभर पसरतो, म्हणून त्याला वेगळ्या, सुट्या दगडावरच बसवावा.

झोअँथिड हे प्रवाळांचे नातलग रंगांनी भुलवतात. पण त्यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना हात लावू नये. ते असलेला दगड उकळू नये, गरम पाण्याखाली घासूही नये. वाफेतून विष फुप्फुसात गेल्याने घरंच्या घरं रुग्णालयात गेली आहेत. लहान मुलं असतील तर मी झोअँथिड घेऊच नका म्हणेन.

आणखी एक मोह टाळा: डेंड्रोनेफ्थिया हा मऊ प्रवाळ. गुलाबी-केशरी, काचेसारखा नितळ. पण त्याच्यात शैवालच नाही. पाण्यातले सूक्ष्म वनस्पती-प्लवक तो सतत गाळून खातो आणि घरच्या टाकीत काही आठवड्यांत उपाशी मरतो.

निवड झाली तरी सगळ्यांना एकमेकांशेजारी चिकटवू नका. लेदर शेजाऱ्यांची वाढ रोखणारी रसायनं पाण्यात सोडतो, म्हणून अंतर ठेवावं, फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घालावा आणि पाणी नियमित बदलावं. खाडी इतकी जवळ आहे म्हणून तिथलं पाणी आणायचं मनात येईल. ते गढूळ असतं, त्यात सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणा पार उतरतो. आरओच्या पाण्यात सागरी मीठ कालवून लिटरमागे ३५ ग्रॅम क्षारता आणणं, हाच खात्रीचा मार्ग.